माथ्यावरची एकच किल्ली

मागच्या जूनमध्ये, सान हुआनच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, मला सेगुंदोचं पत्र आलं. पोपायानहून, त्याच्या थोरल्या मुलीच्या घरून. पाकिटावरचं अक्षर ओळखून मी ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि ग्रंथालय बंद करेपर्यंत बाहेर काढलं नाही. पत्र एकाच पानाचं होतं. गुडघ्याचं दुखणं, जावयाची टॅक्सी, शहरातली बेचव कॉफी. आणि शेवटी हे:

"मारिएला हल्ली डोंगरातल्या शाळांना नेटवर्क जोडायचं काम करते, तुम्हाला ठाऊकच आहे. क्रुसाच्या माथ्यावरचं आपलं काम का फसलं, असं ती मला विचारते. सगळे सांगतात तेच मी तिला सांगितलं आहे. दुसरं काही सांगावं असं वाटत असेल तर कळवा, कोंपाद्रे. तुम्ही म्हणाल तसं."

मी उत्तर दिलं नाही. सुरुवात केली बऱ्याच वेळा. साधं शुभेच्छापत्र लिहायचं तरी मी आधी कच्चा मसुदा करतो, आणि मसुदा वाचला की पाठवण्याइतकं त्यात काही आहे असं वाटत नाही. पण या वेळी अडचण शब्दांची नव्हती.

मारिएला ही सेगुंदोची धाकटी मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याला मी तिला हातात धरलं, तेव्हापासून मी तिचा पाद्रीनो, म्हणजे धर्मपिता, आणि सेगुंदो व मी एकमेकांचे कोंपाद्रे. त्याआधी आम्ही शाळेतले मित्र होतो, एकाच बाकावरचे. अरे-तुरे करायचो, भांडायचो. बाप्तिस्म्यानंतर ते संपलं. आमच्याकडे कोंपाद्रेला 'तुम्ही' म्हणायचं, चारचौघांत त्याचं बोलणं खोडायचं नाही आणि त्याच्या शब्दाला हमी मागायची नाही. धर्मगुरू हे शिकवत नाही, पण ज्याला हे कळत नाही त्याच्या हातात कुणी मूल देत नाही.

आमची कॉफीवाल्यांची सहकारी संस्था तांबियोत आहे आणि तिची खरेदी केंद्रं दरीपलीकडे विखुरलेली. सगळ्यात मोठं गुआमालचं. शेतकरी वाळवलेली कॉफी पोत्यांतून केंद्रावर आणतो, तिथे नमुना तपासतात, प्रत ठरते, आणि तिचा भाव तांबियोच्या कार्यालयातून येतो. पूर्वी हा भाव जीपवाल्याच्या हाती चिठ्ठीवर यायचा, बहुतेक दुसऱ्या दिवशी. मोबाइलची रेंज दरीत उतरत नाही. आणि केंद्राच्या फाटकाबाहेर खासगी व्यापाऱ्याची गाडी उभीच असायची. पहाटे उठून खेचर हाकत आलेला माणूस दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. अर्धी कॉफी फाटकाबाहेरच विकली जायची.

संस्थेच्या व्यवस्थापक एस्नेदाबाई पांतोहा एकदा ग्रंथालयात आल्या आणि माझ्या टेबलावरचं पुस्तक उलटून पाहत म्हणाल्या, "मास्तर, सारखे या रेडिओलहरींमध्ये बुडालेले असता. शहरातल्या कंपनीनं आम्हाला नेटवर्कचं जे दरपत्रक दिलंय, ते वाचून माझी झोप उडालीय. तुम्ही काही करू शकता का?"

मी म्हणालो, मी फक्त वाचतो.

"मग वाचता वाचता एक कागद काळा करा. नाही जमलं तर नाही जमलं."

मी फक्त वाचतो, हे खरंच होतं. मी आधी शाळामास्तर, मग ग्रंथपाल. बिनतारी यंत्रांची पुस्तकं मी तरुणपणापासून वाचत आलोय, काही लोक प्रवासवर्णनं वाचतात तशी, कुठे जायचा बेत नसताना. पण कागद काळा करायला घेतला आणि थांबता येईना.

यंत्रांच्या यादीकडे मी शेवटी वळलो. आधी प्रत्येक केंद्रावर जाऊन बसलो. किती माणसं, कोणत्या वेळी, कशासाठी नेट वापरणार, ते विचारलं. वीज कधी जाते, वारा कुठून येतो, कोणत्या झाडावर पूर्वी वीज पडली होती, हेही विचारलं. मग डोंगर चढलो. दोन खांबांना एकमेकांचं तोंड दिसलं पाहिजे, एवढं सगळ्यांना कळतं. पण नुसतं दिसून भागत नाही. दोन खांबांमधून जाणारी लहर मध्ये फुगते, भरल्या पोत्यासारखी, आणि त्या फुगवट्याच्या आड झाडाचा शेंडाही आला तर ती लंगडते. म्हणून मी शेंड्यांची उंची मोजली, आणि ती झाडं आणखी किती वाढणार तेही धरलं. शेजारच्या दोन खांबांना वेगवेगळे चॅनल दिले, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्यात मिसळू नये. ढगाळ आठवडा निघेल एवढ्या बॅटऱ्या धरल्या.

तांबियो आणि गुआमाल यांच्या मध्ये एकच जागा अशी होती की जिथून दोन्ही गावं दिसतात. क्रुसाचा माथा. मे महिन्यात आम्ही तिथल्या लाकडी क्रुसाला फुलं वाहतो. जमीन सेगुंदोची.

"घ्या की," तो म्हणाला. "मी काय तिथे बटाटे लावतोय? क्रुसाला तेवढीच सोबत."

तपासणीच्या दिवशी तो बायकोचा आरसा घेऊन माथ्यावर गेला आणि मी संस्थेच्या छपरावर उभा राहिलो. त्यानं उन्हाचा कवडसा बरोबर माझ्या डोळ्यांत मारला. मी टोपी हलवली. नंतर तो म्हणाला, "कोंपाद्रे, शाळेत तुम्ही फळ्याकडे बघायचात आणि मी तुमच्या मानेवर आरसा मारायचो. तेव्हाच सराव झाला."

खांब उभे करायला मिंगा बोलावली. मिंगा म्हणजे सगळ्या गावानं मिळून केलेलं बिनमजुरीचं काम, जेवण त्याचं ज्याच्या शिवारात काम. पाइप खांद्यावर घेऊन माणसं चढली, बायकांनी वर चुली मांडल्या. सेगुंदोनं आपल्याकडची बरीच कुय कापली. कुय म्हणजे आम्ही स्वयंपाकघरात पाळतो ते गुबगुबीत जनावर, भाजून खातात. वीज पडली तर ती जमिनीत उतरावी म्हणून खांबाखाली कोळसा आणि मीठ भरलं. पेटीतल्या तारा कशा जोडायच्या, कुठल्या दिव्याचा काय अर्थ, हे मी सेगुंदोला दाखवलं. त्यानं एकदाच पाहिलं आणि लक्षात ठेवलं. मला पुस्तक उघडून बघावं लागायचं.

प्रत्येक खांबाखाली लोखंडी पेटी, तिला कुलूप, आणि कुलपाच्या दोन किल्ल्या. एक जागेच्या मालकाकडे, दुसरी कार्यालयात एस्नेदाबाईंच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर. हा नियम माझाच. क्रुसाच्या माथ्याचा खिळा मात्र रिकामा होता.

"मास्तर, इथली कुठाय?" एस्नेदाबाईंनी विचारलं.

"तिथे माझे कोंपाद्रे आहेत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या कामाला लागल्या. तांबियोत कुणीही तसंच केलं असतं. दुसरी किल्ली मागणं म्हणजे त्याच्या अंगणात उभं राहून त्याला चोर म्हणणं.

नेटवर्क चाललं. त्या हंगामात गुआमालला भाव तिथल्या तिथे कळू लागला आणि फाटकाबाहेरच्या गाडीचा ड्रायव्हर गाडीत झोपा काढू लागला. लोक रस्त्यात माझी टोपी उडवायचे, प्रेमानं. मला ते फार अवघड व्हायचं, पण खोटं कशाला बोलू, घरी जाऊन मी ते पुन्हा पुन्हा आठवायचो.

पुढच्या हंगामात दुपारची गडबड सुरू झाली. सकाळी सगळं ठीक, आणि शाळा सुटायच्या सुमाराला गुआमाल तुटायचं. जोडलं जायचं, तुटायचं. पोती घेऊन आलेली माणसं बाकांवर खोळंबायची. ड्रायव्हर जागा झाला.

मी पहिल्यांदा माथ्यावर गेलो तेव्हा सेगुंदो वाटेतच भेटला. "तुम्ही दमानं या, कोंपाद्रे. मी पुढे होऊन कुलूप काढून ठेवतो. गवतात साप असतात, तेही बघतो." मी धापा टाकत वर पोचलो तर पेटी उघडी, दिवे हिरवे, नेटवर्क उत्तम. गुआमालला तिथूनच नेटवर विचारलं, तेही म्हणाले, आता छान चालतंय. मी खाली उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. मी वर असलो की ते चालायचं. मी खाली आलो की पडायचं. मला वाटलं, दुपारच्या उन्हानं दरीतली हवा तापून लहर वाकत असेल. मग वाटलं, वाऱ्यानं खांब डुलतोय. मग वाटलं, झाडांची पानं ओली असताना मोजायचं ते मी कोरडी असताना मोजलं. कार्यालयातल्या यंत्रावर माथ्याच्या खांबावर फार मोठा भार दिसायचा. मी समजलो, लहर वाटेत हरवतेय म्हणून तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवला जातोय. माझ्या कच्च्या गणिताला हे पटण्यासारखं होतं. मी खांब उंच करवला, डिश बदलली, सगळं मोजमाप नव्यानं केलं. नव्या गणितातही काही चूक सापडली नाही, म्हणून माझा स्वतःवरचा विश्वास आणखीच उडाला. चूक आहे आणि ती मला दिसतही नाही, याचा अर्थ मला काहीच कळत नाही.

उतरताना सेगुंदोच्या स्वयंपाकघरात बसायचो. तो गरम एर्विदो द्यायचा, फळांचा रस उकळून त्यात उसाची दारू घातलेला.

"माझं गणित चुकलंय कुठेतरी," मी म्हणायचो.

"होतं कोंपाद्रे. माणूस म्हटला की होतं."

"पण कुठे?"

"प्या आधी. गार होईल."

त्या वर्षी त्याची कॉफी सगळ्यांच्या आधी तोडून झाली. तोडणीला माणसं मिळत नाहीत म्हणून सगळा डोंगर रडत होता, आणि त्याच्या मळ्यात मात्र माणसंच माणसं. मी म्हणालो, "तुम्हाला माणसं जोडता येतात." तो म्हणाला, "तेवढंच येतं."

वार्षिक सभेत गुआमालच्या लोकांनी तक्रार मांडली. ओरडाआरडा नव्हता. एक म्हातारा उभा राहून एवढंच म्हणाला, "आमची पोती पुन्हा फाटकाबाहेर जातायत. मास्तरांनी सांगावं." सेगुंदो पहिल्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. मी उठलो. सभेत बोलताना माझे कान तापतात आणि स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटतो. मी म्हणालो, "गणित माझं चुकलं. संस्थेनं शहरातल्या माणसाला बोलवावं. मी बाजूला होतो." आणि नकाशांचं भेंडोळं एस्नेदाबाईंच्या टेबलावर ठेवलं.

खाली बसलो तेव्हा सेगुंदोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी त्या हाताचं मला फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी येर्बाबुएनाला जेवायला गेलो. क्रुसाच्या माथ्याच्या मागच्या उतारावरची ती वस्ती. तिथले लोक संस्थेचे सभासद नाहीत, ते व्यापाऱ्यालाच विकतात, म्हणून माझ्या नकाशात ती नव्हती. क्लोदोमिरो माझा जुना विद्यार्थी, त्याच्या मुलीचा पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा विधी, होता. अंगणात टेबलं मांडली होती. भिंतीला टेकून पोरं रांगेत बसली होती आणि प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर चित्रपट चालू होता. अडखळत नव्हता.

क्लोदोमिरोच्या आईनं माझ्या ताटात अख्खं कुय ठेवलं. मी म्हणालो, एवढं नको.

"नको कसं. तुमच्यामुळे आमची पोरं माणसांत आली."

मला वाटलं, शाळेबद्दल बोलतायत.

"शाळेचं नाही हो मास्तर, नेटचं," क्लोदोमिरो हसला. "माथ्यावरून येतं ना. तुमच्या कोंपाद्रेंनी जोडून दिलं. म्हणाले, मास्तरांनीच सांगितलंय, वस्तीला द्या, पण संस्थेत बोलू नका. आणि मास्तरांपुढेही विषय काढू नका. लाजाळू आहेत, आभार मानलेले सोसत नाहीत."

"असं म्हणाले?"

"मग खोटं आहे का? बघा, आत्ताच लाल झालात."

टेबलाभोवती हशा पिकला. मी पाणी प्यायलो. मग विचारलं, याचं सेगुंदोला तुम्ही काय देता.

"देतो कसलं? तोडणीला सगळे हात लावतो त्यांच्या मळ्यात. शेजारधर्म." मग त्याला काही आठवलं आणि तो पुन्हा हसू लागला. "एक गंमत सांगू? मध्येच नेट गेलं की पोरं काय ओरडतात माहितेय? 'मास्तर माथ्यावर आले.' तुम्ही वर असलात की बंद असतं ना तेवढा वेळ. तुम्ही खाली उतरलात की चालू. आता तुम्ही येत नाही, पोरं खूश आहेत."

भिंतीजवळची पोरं हे ऐकून माझ्याकडे पाहून हसली. त्यांच्या मनात काही नव्हतं. मी ताट संपवलं. अन्न टाकणं बरं दिसलं नसतं.

येर्बाबुएनाहून वाट सेगुंदोच्या दारावरून जाते. तो चुलीपाशी घेवडा सोलत होता, कुय त्याच्या पायांतून पळत होती. मी नेहमीच्या बाकावर बसलो.

"क्लोदोमिरोकडून आलो," मी म्हणालो.

"हं. कुय चांगलं भाजतात ते."

"नेटही चांगलं चालतं त्यांच्याकडे."

त्यानं शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, आणि मग म्हणाला, "चालतं. शिकवणारा चांगला मिळाला मला."

मला त्या क्षणी फार काही म्हणायचं होतं, आणि सुचलं ते असं: "चॅनलसुद्धा तोच ठेवलात. निदान वेगळा तरी निवडायचा."

"ते बदलायचं तुम्ही दाखवलं नव्हतं, कोंपाद्रे." त्यानं पुढची शेंग उचलली. "माझ्या मळ्यातून पाट जातो. पाणी उरलं तर खालच्याला देतो. त्यात संस्थेचं काय गेलं? त्यांनाही पोरं आहेत."

"उरलं नव्हतं. दुपारी गुआमाल कोरडं पडत होतं. मी हे तुम्हाला इथेच बसून सांगत होतो."

"सांगत होतात."

"मी माझं गणित चुकलं म्हणत होतो."

"म्हणत होतात."

"आणि तुम्ही?"

त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती आणि कावेबाजपणाही नव्हता. उलट मी काहीतरी अजब विचारतोय असा भाव होता. "कोंपाद्रेचं बोलणं मी खोडायचं?"

"सभेत तरी."

"चारचौघांत? तिथे तर मुळीच नाही."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर. आमचं नातं राखणारी जी रीत होती, तिच्याच आडोशाला तो वर्षभर उभा होता. चार पोती कॉफी चोरली असती तर मी विसरलो असतो. माझ्यापुढे पळत जाऊन तो पेटीतून आपलं यंत्र काढून ठेवायचा आणि मग साप बघितले म्हणून सांगायचा, तेही कदाचित. पण मी स्वतःवरचा विश्वास एकेक वीट करून पाडत होतो, तो समोर बसून पाहत होता आणि कप भरत होता.

"काढून टाकू?" त्यानं विचारलं.

"काढा."

"आणि लोकांना सांगू? तुम्ही म्हणाल तसं."

मी काय म्हणणार होतो? जा आणि चौकात उभे राहून स्वतःच्या तोंडाला काळं फासा, असं कुणी कोंपाद्रेला सांगतं का? त्यानं माझ्या गप्प बसण्याचा त्याला सोयीचा अर्थ घेतला. उठून त्यानं किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी ती उचलली नाही. ती शेवटी कुणी कार्यालयात नेऊन दिली, मला ठाऊक नाही.

त्याच आठवड्यात शहरातला माणूस आला. त्यानं दोन वायरी बदलल्या, आणि नेटवर्क जे चालू झालं ते आजतागायत पडलेलं नाही. एस्नेदाबाई मला चर्चबाहेर भेटल्या. "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. कागदावरचा डोंगर वेगळा आणि खरा वेगळा." त्या मनापासून बोलत होत्या. येर्बाबुएनाचं नेट गेलं, ते मास्तरांनी बंद करायला लावलं असं तिथे कळलं, आणि ते खरंच होतं. क्लोदोमिरो आता बाजारात दिसला की फुटपाथ बदलतो.

मग सेगुंदोचा गुडघा गेला आणि तो पोपायानला राहायला गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा आम्ही हवापाण्याबद्दल बोललो. त्यानंतर हे पत्र. पुन्हा तेच, तुम्ही म्हणाल तसं. ओझं त्याचं, आणि उचलायचं मी. सांगा म्हणालो तर एका बापाला त्याच्या मुलीपुढे उघडं करणारा मी. नका सांगू म्हणालो तर मूर्ख ठरलेला आहेच, तो कायमचा, माझ्याच सहीनं. त्यापेक्षा उत्तर न देणं सोपं होतं. मी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं आणि तो शब्दकोश वापरणंच सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात मारिएला आली; तीही पोपायानला बहिणीकडेच राहते. ग्रंथालयाच्या दारात हात जोडून म्हणाली, "आशीर्वाद द्या, पाद्रीनो," आणि मी दिल्यावर माझ्या टेबलावरची पुस्तकं बाजूला सारून तिनं नकाशा पसरला. केस कापलेत तिनं. नखांत डोंगराची माती होती.

तिचं काम पाहून मला बरं वाटलं. आधी माणसांना विचारलं होतं तिनं. झाडं मोजली होती. सगळ्या शाळा रेघांनी जोडल्या होत्या. एकच ठिपका, दरीपलीकडचा, एकटा पडला होता.

"हे कोणतं?"

"लास पिएद्रास. एका शिक्षिकेची शाळा आहे." ती जरा अडखळली. "गाळतेय मी ते. रागावू नका, पाद्रीनो. अंतर बरोबर क्रुसाच्या माथ्याएवढं, दरी तशीच, दुपारचा वारा तसाच. तिथे तुम्हाला जमलं नाही; शहरातल्या माणसानं काय केलं ते कुणालाच सांगता येत नाही. मग मी कोण? त्यापेक्षा आधीच नको म्हटलेलं बरं. एकदा देऊन काढून घेतलं की लोक फार दुखावतात."

"हो," मी म्हणालो. "दुखावतात."

"खरं काय झालं होतं तिथे? एवढं तरी कळलं तर..."

"बाबांना विचार."

"विचारलं. ते म्हणतात, पाद्रीनोंना विचार." तिनं हसून मान हलवली. "तुम्ही दोघं कोंपाद्रे म्हणजे पाणी मागायला जावं तर एकमेकांच्या विहिरीवर पाठवता."

मी ठिपक्याकडे पाहत राहिलो. माझं नाव तांबियोत खराब झालं, त्याची मला सवय झाली होती. पण मी न केलेली चूक आता मी बाप्तिस्म्याला हातात धरलेल्या मुलीच्या नकाशात शिरली होती आणि तिथे कुणाचीतरी शाळा खोडत होती. मला सांगता आलं असतं, तिथल्या तिथे. तोंड उघडलंही. तिच्या चेहऱ्यात सेगुंदोची हनुवटी आहे. मी म्हणालो, "ही रेघ अजून पक्की करू नकोस."

"महिनाअखेरपर्यंत नकाशा द्यायचाय."

"त्याआधी कळेल तुला."

ती गेल्यावर मी जुनी मोजमापं काढली, पहिल्या वेळची आणि दुसऱ्या वेळचीही. पुन्हा एकदा तपासली. वय झालंय, म्हणून बेरजा दोनदा केल्या. बरोबर होत्या. त्या मी एका मोठ्या पाकिटात घातल्या, वर मारिएलाचं नाव घातलं आणि आत चिठ्ठी ठेवली: "क्रुसाच्या माथ्याचं गणित हे असं होतं आणि ते बरोबर आहे. लास पिएद्रासची रेघ ओढ. मग ते का पडत होतं, हे तुझे वडील सांगतील. त्यांना पुन्हा विचार. आता ते माझ्याकडे पाठवणार नाहीत."

मग सेगुंदोला पत्र. या वेळी मसुदा केला नाही.

"कोंपाद्रे, गेल्या जूनमध्ये तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देतो. मारिएलाला सांगा. सगळं सांगा. यंत्र कुणी बसवलं, मी वर येताना ते कुणी काढून ठेवलं, आणि सभेत तुम्ही कुठे बसला होतात. मी म्हणेन तसं असं तुम्ही लिहिलं होतं. मी म्हणतो आहे. गुडघ्याची काळजी घ्या. ओल्मेदो."

गुडघ्याचं वाक्य खोडावं असं वाटलं. ठेवलं.

आमच्याकडे टपालाची खिडकी औषधांच्या दुकानात आहे. तिथल्या बाईंनी दोन्ही पाकिटं तोलली, पत्ते वाचले आणि म्हणाल्या, "दोन्ही एकाच घरी, मास्तर? एकातच घातली असती."

"नाही," मी म्हणालो, "वेगवेगळी जाऊ द्या."

त्यांनी शिक्के मारले आणि ती पाकिटं पोत्यात टाकली.